बिंदूंचा आकडा आणि प्रकाशाचे माप

धान्याच्या व्यापारात वजन आणि प्रत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे पेढीवर नव्याने बसणाऱ्या मुलासही पहिल्या महिन्यातच समजते. शंभर क्विंटल तूर म्हटल्याने ती तूर कशी आहे हे कळत नाही. दाणा भरलेला की पोचट, कोरडा की ओलसर, डागी किती, खडा-माती किती, हे पाहिल्यावाचून कोणी भाव बोलत नाही. परंतु हाच चोखंदळ व्यापारी कॅमेरा अथवा मोबाईल घ्यावयास दुकानात जातो, तेव्हा 'किती मेगापिक्सेल?' एवढा एकच प्रश्न विचारून मोकळा होतो, आणि विक्रेताही तोच एक आकडा मोठ्याने सांगून माल गळ्यात बांधतो. हा आकडा खोटा असतो असे नाही. परंतु त्यावरून प्रत कळत नाही. चित्राची प्रत मुख्यत्वेकरून ठरते ती कॅमेऱ्याच्या पोटात, भिंगाच्या मागे बसविलेल्या एका लहानशा सिलिकॉनच्या पट्टीवर. इंग्रजीत तिला सेन्सर म्हणतात. आपण तिला 'संवेदक' म्हणू. या संवेदकाची ओळख सभासद बंधूंस आपल्या व्यवहाराच्या भाषेत करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा विषय आता केवळ हौशी मंडळींचा राहिलेला नाही. पूर्वी नमुन्याची पुडी टपालाने किंवा गाडीच्या ड्रायव्हरबरोबर जात असे. आज बेळगावच्या पेढीवरून गोव्याच्या गिऱ्हाइकास, किंवा इंदूरहून हैदराबादेस, डाळीचे छायाचित्र क्षणात जाते आणि त्याच्या भरवशावर लाखांचे सौदे तोंडी ठरतात. भिजलेल्या पोत्यांचे चित्र विमा कंपनीकडे जाते, जुन्या दस्तऐवजांचे चित्र वकिलाकडे जाते, आणि घरच्या लग्नकार्याची चित्रे तर पुढील पिढ्यांसाठी ठेव म्हणूनच राहावयाची असतात. ज्या वस्तूवर एवढा विश्वास टाकावयाचा, तिच्या अंगची शक्ती आणि मर्यादा व्यापाऱ्याने जाणून घेतल्याच पाहिजेत.

संवेदकाचा जन्म आणि त्याचे काम

फिल्मच्या काळात प्रकाश रासायनिक थरावर पडे व तेथेच चित्र उमटे. संवेदकाचे काम निराळे आहे. सिलिकॉनवर प्रकाश पडला असता त्यात इलेक्ट्रॉन सुटे होतात; जितका प्रकाश अधिक, तितके इलेक्ट्रॉन अधिक. संवेदकाच्या पृष्ठभागावर अशी लक्षावधी सूक्ष्म घरे असतात. प्रत्येक घरात किती इलेक्ट्रॉन जमले याची मोजदाद होते आणि त्या आकड्यांच्या कोष्टकातून चित्र उभे राहते. या एकेका घरास पिक्सेल म्हणतात. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख घरे. थोडक्यात सांगावयाचे तर संवेदक हा प्रकाशाचा मापाडी आहे.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ या दोन शास्त्रज्ञांनी सीसीडी नावाच्या रचनेची कल्पना मांडली. या कार्याबद्दल २००९ साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. सीसीडीची पद्धत आपल्या वखारीतील हमालांच्या रांगेसारखी आहे. प्रत्येक घरातील भार शेजारच्या घराकडे, तेथून पुढच्या घराकडे असा हातोहात सरकत शेवटी दारावरील एकाच काट्यावर तोलला जातो. तोल एकाच काट्यावर होत असल्याने तो सर्वत्र सारखा. परंतु वेळ अधिक लागतो व वीजही अधिक खर्च होते.

पुढे १९९० च्या दशकाच्या आरंभी, कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी या अंतराळसंशोधन संस्थेत एरिक फॉसम व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी एक रचना व्यवहार्य केली. तिला सीमॉस संवेदक म्हणतात. यात प्रत्येक घराच्या दाराशी स्वतःचा छोटा काटा असतो. काम जलद होते व वीज थोडी लागते. आरंभी हे लक्षावधी काटे एकमेकांशी तंतोतंत जुळत नसत, म्हणून चित्रावर रेघा व डाग दिसत. पुढे तो दोष बहुतांशी दूर झाला. आज मोबाईलमध्ये व बहुतेक सर्व कॅमेऱ्यांत हाच संवेदक असतो.

व्यापाऱ्याने ध्यानी धरावी अशी एक हकीगत येथे सांगितली पाहिजे. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने सीसीडी वापरून पहिला हातात धरण्याजोगा डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते. शंभर गुणिले शंभर म्हणजे अवघे दहा हजार बिंदू, चित्र कृष्णधवल, आणि एक चित्र कॅसेटवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. कंपनीचा सारा नफा फिल्मवर उभा होता. तिने या नव्या मालाकडे पुरेशा तातडीने पाहिले नाही, आणि जानेवारी २०१२ मध्ये तिला दिवाळखोरी कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. आपल्याच वखारीत पडलेल्या नव्या वाणाची किंमत आपणांस न कळणे, यापरते व्यापारातील दुर्दैव ते कोणते?

शेत आणि वाफे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. संवेदक हे एक शेत आहे आणि पिक्सेल हे त्यातील वाफे आहेत, अशी कल्पना करावी. प्रकाश म्हणजे पाऊस. पाऊस सर्वत्र सारखाच पडत असेल तर एकंदर पाणी किती जमेल हे शेताच्या क्षेत्रफळावर ठरते. वाफे किती पाडले यावर ठरत नाही. एक गुंठा जमिनीत दहा वाफे पाडले काय आणि हजार पाडले काय, पाऊस एका गुंठ्याचाच पडणार.

प्रत्यक्ष मापे पाहा. व्यावसायिक छायाचित्रकारांच्या मोठ्या कॅमेऱ्यांत 'फुल फ्रेम' नावाचा संवेदक असतो. त्याची लांबी-रुंदी ३६ × २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. हे माप जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीचेच होय. त्याहून लहान अशा एपीएस-सी संवेदकाचे माप सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटर असते. आणि २०१८ साली मोबाईलसाठी निघालेल्या, ४८ मेगापिक्सेलच्या एका सुप्रसिद्ध संवेदकाचे माप होते केवळ ६.४ × ४.८ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३१ चौरस मिलिमीटर. करंगळीच्या नखावर तो सहज मावावा.

आता ताळा करू. २४ मेगापिक्सेलचा मोठा कॅमेरा एका बाजूस आणि ४८ मेगापिक्सेलचा मोबाईल दुसऱ्या बाजूस ठेवा. आकड्याकडे पाहिले तर मोबाईल दुप्पट सरस. परंतु क्षेत्रफळ पाहिले तर मोठ्या कॅमेऱ्याचे शेत २८ गुंठ्यांचे, मोबाईलचे एकच गुंठ्याचे. २८ गुंठ्यांत वाफे २४ आणि एका गुंठ्यात वाफे ४८! म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याच्या एकेका वाफ्याचे क्षेत्र मोबाईलच्या वाफ्याच्या सुमारे ५६ पट झाले. मोबाईलमधील त्या घराची रुंदी ०.८ मायक्रॉन होती. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. २०२१ पासून तर ०.६४ मायक्रॉनची घरे असलेले २०० मेगापिक्सेलचे संवेदकही निघाले आहेत. तांबड्या प्रकाशाच्या लहरीची लांबीच जवळजवळ तेवढी असते, हे लक्षात घेतले म्हणजे या वाफ्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना येईल.

वाफे वाढले की बांधही वाढतात, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. संवेदकातही घरांच्या वरून विजेच्या तारांचे जाळे जात असे आणि बराच प्रकाश त्या जाळ्यावर आपटून वाया जाई. २००९ च्या सुमारास संवेदक उलटा करून, तारा खाली व प्रकाश घेणारी बाजू वर, अशी रचना सोनी कंपनीने सर्वसामान्यांच्या कॅमेऱ्यांत आणली. जणू बांध जमिनीखाली नेले आणि सारे क्षेत्र पेरणीस मोकळे झाले. मोबाईलची चित्रे त्यानंतर जी सुधारली त्याचे एक मोठे कारण हे आहे.

मापाच्या नावांविषयीही सावध असावे. कित्येक कॅमेऱ्यांवर '१ इंच संवेदक' असे अभिमानाने लिहिलेले असते. आपण पट्टी घेऊन मोजू लागलो तर तो १३.२ × ८.८ मिलिमीटर भरतो. त्याचा कर्णसुद्धा १६ मिलिमीटरांहून किंचित कमीच, आणि इंच तर २५.४ मिलिमीटरांचा. मग हा इंच आला कोठून? जुन्या काळी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यात काचेची नळी असे. तिच्या बाहेरच्या व्यासावरून ती ओळखली जाई, व आतील चित्राचा भाग त्याहून पुष्कळच लहान असे. नळी गेली, नाव मात्र राहिले. पोत्यासकट तोलून धान्याचे वजन सांगण्यासारखाच हा प्रकार आहे. यास्तव इंचाचे नाव न ऐकता मिलिमीटरातील लांबी-रुंदी विचारावी, हेच श्रेयस्कर.

अंधारात चित्र दाणेदार का दिसते?

प्रकाश अखंड धारेसारखा वाटला तरी वस्तुतः तो कणाकणाने येतो. या कणांस फोटॉन म्हणतात. पावसाचे थेंब जसे प्रत्येक वाफ्यात मोजून सारखे पडत नाहीत, तसेच हे कणही पडत नाहीत. कोठे चार अधिक, कोठे चार उणे. गणित असे आहे की सरासरीने जितके कण पडावयाचे, त्या संख्येच्या वर्गमुळाइतकी चढउतार त्यात सामान्यतः असते. एका घरात दहा हजार कण पडत असतील तर चढउतार शंभराची, म्हणजे शेकडा एक; डोळ्यास ती जाणवत नाही. परंतु शंभरच कण पडत असतील तर चढउतार दहाची, म्हणजे शेकडा दहा. सारख्या रंगाची भिंत मग रवा सांडल्यासारखी दिसू लागते. मूठभर नमुन्यावरून गाडीभर मालाची प्रत ठरविताना जी चूक होते, तीच येथे होते. नमुना जितका थोडा, तितका अंदाज डळमळीत.

भर दुपारी अंगणात काढलेले चित्र स्वस्त मोबाईलचेही सुरेख येते आणि रात्री लग्नमंडपात काढलेले फिके व दाणेदार येते, याचे मूळ यात आहे. दुपारी प्रकाश एवढा विपुल असतो की लहान शेतातही पुरेसे पीक येते. 'आयएसओ' नावाचा आकडा वाढविला म्हणजे संवेदक अधिक प्रकाश घेऊ लागतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. त्याने जमलेला संकेत मोठा करून दाखविला जातो, आणि त्याबरोबर त्यातील दोषही मोठा होतो.

वाफ्याच्या खोलीचाही विचार हवा. मोठ्या घरात काही दहा हजार इलेक्ट्रॉन मावतात, मोबाईलच्या चिमुकल्या घरात काही हजारच. माप भरले की वरचे धान्य सांडते, तद्वत घर भरले की पुढचा प्रकाश नोंदलाच जात नाही. खिडकीपाशी उभ्या असलेल्या वधूचा चेहरा ठीक आला तर खिडकीबाहेरचे आकाश पांढरे फटक होते, ते यामुळेच. एकाच चित्रात लख्ख उजेड आणि गडद सावली या दोन्हींचा तपशील राखणे ही मोठ्या संवेदकाची खरी कमाई होय.

रंगाचा हिशेब

संवेदकास स्वतःस रंग कळत नाही, ही गोष्ट ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. तो केवळ प्रकाश मोजतो. रंगासाठी प्रत्येक घरावर एक रंगीत काच बसवितात. कोडॅकमधील ब्राइस बायर यांनी योजिलेल्या व १९७६ साली पेटंट मिळालेल्या मांडणीत दर चार घरांपैकी दोन हिरवी, एक तांबडे व एक निळे असते. हिरवी दुप्पट, कारण मनुष्याच्या डोळ्यास त्या बाजूच्या प्रकाशातच उजेडाचा बारीक फरक अधिक जाणवतो. अर्थात प्रत्येक बिंदूच्या ठिकाणी तीन रंगांपैकी एकच रंग प्रत्यक्ष मोजलेला असतो. उरलेले दोन शेजाऱ्यांच्या नोंदींवरून हिशेबाने भरलेले असतात. त्यातही दिव्याचा पिवळेपणा अथवा ट्यूबलाइटचा निळसरपणा वजा करून 'पांढरे ते पांढरे' दाखविण्याचा यत्न कॅमेरा आपल्या अंदाजाने करतो.

हा अंदाज चुकला तर व्यवहारात काय घडते, ते आमच्या पेठेने पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका आडत्याने तिन्हीसांजेला पिवळ्या दिव्याखाली तूरडाळीचे चित्र काढून गोव्यातील गिऱ्हाइकास धाडले. चित्रात डाळ केशरी पिवळी, देखणी दिसली, सौदा ठरला. माल पोहोचून दिवसाच्या उजेडात पोती उघडताच ती फिकी वाटली. 'दाखविला एक माल, धाडला दुसरा,' असा बोल आला आणि गाडी दोन दिवस अडून राहिली. अखेर दोन वडीलधाऱ्या दलालांनी पेढीवर राखलेली नमुन्याची पुडी व पोत्यातील डाळ शेजारी शेजारी ठेवून पाहिली. माल एकच निघाला. दोन्ही पक्ष प्रामाणिक होते. भांडण लावले होते ते दिव्याने आणि कॅमेऱ्याच्या अंदाजाने. वर्षानुवर्षांचा संबंध एका चित्रापायी तुटता तुटता राहिला.

मेगापिक्सेल लागतात तरी किती?

घरच्या अल्बमातील ६ × ४ इंची चित्र उत्तम छापावयाचे तर इंचास ३०० बिंदू धरून १८०० × १२००, म्हणजे सुमारे २२ लाख बिंदू पुरतात. ए-४ आकाराच्या पूर्ण पानास सुमारे ८७ लाख लागतात. म्हणजे १२ मेगापिक्सेलमध्ये सर्वसामान्य कुटुंबाचे व पेढीचे काम भागते. मोठे फलक छापावयाचे असतील, किंवा चित्राचा लहानसा भाग कापून मोठा करावयाचा असेल, तर अधिक बिंदूंचा उपयोग आहे, हेही न्यायाने म्हटले पाहिजे.

मोबाईलवाल्या कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. म्हणूनच ४८ मेगापिक्सेलचा मोबाईल सामान्यतः चार-चार घरांची बेरीज करून १२ मेगापिक्सेलचेच चित्र देतो. १०८ चा नऊ-नऊ घरांची आणि २०० चा सोळा-सोळा घरांची बेरीज करून तेवढेच देतो. वाफे आधी पाडावयाचे आणि मग बांध मोडून एक करावयाचे, असा हा व्यवहार आहे. त्यात काही सोयी आहेत. परंतु शेत त्यामुळे मोठे होत नाही.

लहान शेताची उणीव मोबाईल दुसऱ्या मार्गाने भरून काढतो. लागोपाठ अनेक चित्रे घेऊन, ती एकावर एक रचून, त्यांची तो बेरीज करतो. एका पावसात जमले नाही ते अनेक सरींत जमवितो. स्थिर वस्तूंसाठी ही युक्ती अप्रतिम आहे. हलणाऱ्या मुलाबाळांच्या बाबतीत ती कमी पडते. परंतु याच्याही पुढे जाऊन कित्येक यंत्रे आता चित्र 'सुंदर' करतात. दाणेदारपणा पुसताना बारीक तपशीलही पुसतात, आणि क्वचित नसलेला तपशील अनुमानाने भरतात. चेहऱ्यावरील डाग जसा जातो, तसाच हरभऱ्यावरील किडीचा डागही जाऊ शकतो. गिऱ्हाइकास दाखवावयाच्या नमुन्यात असे होणे म्हणजे नकळत घडलेली भेसळच होय. आपल्या व्यापाराची पत ज्या सचोटीवर उभी आहे, तिला हे शोभणारे नाही.

खरेदीच्या व वापराच्या चार गोष्टी

पहिली गोष्ट, कॅमेरा घेताना मेगापिक्सेलच्या आधी संवेदकाची लांबी-रुंदी आणि भिंगाचा एफ-आकडा विचारावा. एफ-आकडा जितका लहान, तितके भिंगाचे दार मोठे. उत्तम शेतासही पाऊस या दारातूनच मिळतो. दुकानातील झगमगाटात परीक्षा न करता एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्याचे चित्र काढून ते पडद्यावर मोठे करून पाहावे. प्रत तेथे उघडी पडते.

दुसरी गोष्ट, गरजेप्रमाणे खर्च करावा. पेढीवरील नमुन्यांसाठी महागडा कॅमेरा घेण्याचे कारण नाही. जवळून दाणे टिपताना लहान संवेदकाचा एक गुणच कामी येतो: त्यात पुढचा व मागचा दाणा एकदम स्पष्ट येतो, मोठ्या संवेदकात मागचा धूसर होतो. लग्नकार्यासाठी, रात्रीच्या समारंभासाठी व मोठ्या छपाईसाठी मात्र मोठ्या संवेदकास तोड नाही.

तिसरी गोष्ट, नमुन्याचे चित्र दिवसाच्या उजेडात, परंतु उन्हाची तिरीप टाळून सावलीत काढावे. आतील दिवे मालवावेत. शेजारी कोरा पांढरा कागद ठेवावा, म्हणजे पाहणाऱ्यास रंगाचा अंदाज घेता येतो. चित्र सजविणाऱ्या साऱ्या सोयी बंद ठेवाव्यात. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या रीतीने धाडलेले चित्र दाबून लहान केले जाते. म्हणून ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. संवेदक प्रकाश मोजतो. तो ओल मोजीत नाही, वास घेत नाही, दाणा दाताखाली धरून पाहत नाही, आणि डाळ शिजेल की नाही हे सांगत नाही. चित्रासोबत ओलीचे प्रमाण, डागी व खडा-माती यांचा तपशील शब्दांत लिहावा, आणि मोठ्या सौद्यात मोहोरबंद नमुन्याची पुडी ठेवण्याची वाडवडिलांची रीत सोडू नये.

नव्या साधनांचा स्वीकार करण्यात आपला व्यापारी वर्ग कधी मागे राहिला नाही, पुढेही राहू नये. मात्र कोणतेही माप हाती घेण्यापूर्वी त्याचा तळ ठोकून पाहण्याची आपली जी जुनी सवय, ती कॅमेऱ्याच्याही बाबतीत सर्व सभासद बंधू-भगिनींनी राखावी, एवढीच नम्र विनंती.